एका हाताने घालायचा कोट

आमच्या गावात एक चांगला शहाणासुरता माणूस आहे, तो अधूनमधून सकाळी उठून बायकोला म्हणतो, "अगं, जरा माझा हात बांध."

बायको शेगडीवरचं दूध उतरवते, ओले हात पुसते, खुंटीवरची माप घ्यायची जुनी टेप काढते आणि नवऱ्याचा डावा हात कोपरात दुमडून कमरेशी आवळून बांधते. गाठ मारताना ती काहीतरी टोचून बोलते, कारण न बोलता गाठ मारणं तिला जमत नाही. मग तो माणूस पलंगाच्या कडेला बसतो, मांडीवर एखादा सदरा नाहीतर झगा पसरतो आणि एका हाताने त्यात शिरायला बघतो. खिडकीतून पाहणाऱ्या नव्या शेजाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलं असावं. जुन्या शेजाऱ्यांना माहीत आहे की म्हाताऱ्याचं इतकं नीट पूर्वी कधीच नव्हतं.

सारं गाव त्याला मास्तर म्हणतं. शाळेचे मास्तर नव्हेत, कापडाचे. उताराच्या रस्त्यावर, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या आणि चांभाराच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. पुढे काच, काचेमागे बिनडोक्याचा एक लाकडी पुतळा आणि त्या पुतळ्यावर कायम एक अर्धा शिवलेला कोट. पांढऱ्या कच्च्या टाक्यांचा तो अर्धा कोट पाहत पाहत आमच्या गावातली पोरं मोठी झाली. मास्तर सदरे शिवत, विजारी शिवत, पण त्यांचा जीव कोटात. आणि कोटातही काजात. बटण ज्यात अडकतं ते भोक म्हणजे काज. मशीनवर ते चुटकीसरशी होतं. मास्तरांनी जन्मात मशीनचा काज केला नाही. रेशमाचा दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, मान खाली घालायची आणि टाक्याला टाका लावत जायचं. दुपारचं ऊन काचेतून आत येई, पुतळ्याच्या पायापर्यंत सरके आणि परत फिरे, तोवर मास्तरांचे एका कोटाचे काज होत. दुसऱ्या गावी गेलेली माणसं कोटाची कड उलटून लोकांना तो काज दाखवत. "काज म्हणजे कोटाचा डोळा," मास्तर म्हणत. "डोळा मिचमिचा असला की माणूस लबाड दिसतो."

त्यांची एक रीत होती. कोट तयार झाला की गिऱ्हाइकाने आरशासमोर नुसतं उभं राहायचं, हात किंचित मागे करून. मास्तर मागून येत, दोन्ही बाह्या एकदम हातांवर चढवत, खांद्यांशी एकच हलका झटका देत, मग पुढे येऊन स्वतः बटणं लावत आणि छातीवरून तळवा फिरवून कापड बसवत. गिऱ्हाइकाने बटणाला हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा एका नवरदेवाने घाईत स्वतःच बटण लावलं, तर मास्तरांनी ते शांतपणे काढलं आणि पुन्हा आपण लावलं. त्यांच्या हातून कोट अंगावर चढताना राजा झाल्यासारखं वाटायचं, असं ज्याने त्याने सांगितलं आहे. ही रीत लक्षात ठेवावी. पुढे तिनेच घोळ घातला.

मग दिवस पालटले. लोक कोट शिवून घेईनासे झाले. मुलाने दुकान हाती घेतलं, तयार कपड्यांची मांडणी केली, लाकडी पुतळा माळ्यावर गेला. मुलगा काही वाईट नव्हता. बापाची खुर्ची त्याने पंख्याखाली ठेवली आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही आता बसा." माणसाला उभं राहा म्हटलं तर पाय दुखतात, बसा म्हटलं की जीव दुखतो. मास्तर थोडे दिवस बसले आणि एके दिवशी कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि टेप घेऊन घरी आले.

घरात मग कापडाची खैर उरली नाही. धड असलेले पडदे आखूड झाले. उशांच्या खोळींना अस्तर लागलं. सूनबाईच्या भांडी पुसायच्या फडक्यांना चारी बाजूंनी दुमड आली आणि एका कोपऱ्यात, कारण नसताना, सुरेख काज. मास्तरांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, ती दारात उभी राहून हे बघत होती.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही शिंपी निघालात, म्हणून भिंत वाचली आणि माझे पडदे मेले."

तिनेच त्यांना सुचवलं की कुठेतरी चार लोकांच्या उपयोगी पडा. मास्तर निघाले. ग्रंथालयात गेले, तिथे पुस्तकांना कव्हरं घालायला दिली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गेले, तिथे हातात डाव दिला आणि रांगेतल्या ताटल्यांत वाढायला सांगितलं. बागेत रोपं लावायला गेले, तिथे बादली दिली. सगळीकडे माणसं भली होती, सगळीकडे चहा मिळाला, आणि सगळीकडून मास्तर गोऱ्यामोऱ्या चेहऱ्याने परत आले. कामाची लाज नव्हती त्यांना. पण ताटल्यांत वाढणारा हात कुणाचाही चालला असता. ते काकूला म्हणाले, माझ्या हातांना एक ओळख आहे गं, ती कुणी विचारतच नाही.

"ओळख म्हणे," काकू म्हणाली. "जावई आहेत का तुमचे हात, की पाट मांडून बोलावतील?"

बोलली खरी, पण त्या रात्री तिने त्यांच्या दुधात साखर जास्त घातली.

पुढे काकूच पडली. मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर चढलं. त्या दिवसांत मास्तरांनी तिला रोज सकाळी कपडे घातले. हुक, बटणं, नाड्या, सगळं त्यांच्या बोटांखाली पाण्यासारखं वाही. तिने "अहो" म्हणावं, तोवर ती नेसून-सवरून तयार असे. मास्तरांना त्याचा अभिमान होता. सूनबाईला ते म्हणालेही, की पंचवीस बायका मिळूनही इतकं नीट नेसवणार नाहीत. काकू तेव्हा काही बोलली नाही. तिचं न बोलणं कुणाच्या ध्यानात आलं नाही, मास्तरांच्या तर नाहीच.

प्लास्टर निघालं, आणि मनगटाच्या व्यायामासाठी ती टेकडीवरच्या उपचार केंद्रात जाऊ लागली. मास्तर सोबत जात. लांबच लांब ओसरीसारखा मार्ग, दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये आधाराचे दांडे, आणि त्या दांड्यांना धरून पुन्हा चालायला शिकणारी मोठमोठी माणसं. मास्तर बाकावर बसून राहत. एके दिवशी त्यांच्या शेजारी एक सुतार येऊन बसला. हाताला जाडजूड प्लास्टर, आणि त्यावरून सदरा जाईना म्हणून कुणीतरी सदऱ्याची बाही कात्रीने खांद्यापर्यंत फाडलेली. धागे लोंबत होते. मास्तरांनी मान फिरवली. पुन्हा पाहिलं. पुन्हा मान फिरवली. जखम सुताराची होती आणि कळ मास्तरांना येत होती.

शेवटी त्यांनी आपल्या कॉलरच्या आत टोचून ठेवलेली सुई काढली. सुताराला म्हणाले, "हलू नका. टोचणार नाही."

सदरा अंगावर असतानाच त्यांनी फाटलेल्या दोन्ही कडा आत दुमडल्या, टाके घातले आणि तीन ठिकाणी बंद लावले. बंद म्हणजे खिशातल्या रुमालाच्या फाडलेल्या पट्ट्या. सुताराने हात वर-खाली करून पाहिला. म्हणाला, "आता मी माणसात आलो."

काकूचा व्यायाम घेणारी तरुण बाई दारातून हे बघत होती. केंद्रात तिला सगळे ताई म्हणतात, तिच्या आजोबांच्या वयाची माणसंसुद्धा. ताईने मास्तरांचं कौतुक वगैरे केलं नाही. तिने त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि तिथे कोंबलेला ढीग दाखवला: फाडलेले सदरे, कापलेल्या विजारी, मागून उघडे राहणारे लाजिरवाणे झगे. ती म्हणाली, की आम्ही माणसाचा पाय चालता करतो, पण त्या पायात विजार कशी घालायची ते आम्हाला येत नाही. तुम्हाला येतं का? मास्तर म्हणाले, बघतो.

धुलाईच्या खोलीशेजारी एक अडगळ होती, ती झाडून काढली. मुलाने दुकानातलं जुनं पायमशीन स्वतः ढकलगाडीवरून चढावर आणून दिलं. तेव्हापासून मास्तर रोज सकाळी तिथे. ज्यांच्या पायाला लोखंडी सळ्या बसवल्या होत्या, त्यांच्या विजारीला त्यांनी बाजूने वरपासून खालपर्यंत चेन लावली. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा सदरा बसल्यावर पाठीमागून वर चढतो आणि कंबर उघडी पडते. तो त्यांनी मागून लांब कापला. कुबड्यांवर चालणारीला वस्तू धरता येत नसे, तिला छातीवर खिसा दिला. ताई सांगे कुठला सांधा किती वळतो, मास्तर सांगत कुठलं कापड किती ताणतं, आणि दोघांच्या मध्ये तो कपडा उभा राही. सकाळच्या उन्हात मशीनचा आवाज त्या मार्गाच्या टोकापर्यंत जायचा. अंथरुणातली माणसं म्हणत, मास्तर आले. घरात पडद्यांनाही सुखाचे दिवस आले.

आणि मग फाटकवाली आली.

गावाबाहेर रेल्वेरूळ रस्ता ओलांडून जातो, तिथल्या फाटकावर ही बाई आयुष्यभर कामाला होती. एकटी. रुळांपासून हाकेच्या अंतरावर तिचं दोन खोल्यांचं घर. आता फाटक आपोआप पडतं, आपोआप उठतं; पण गाडीची वेळ झाली की ही आपला जाड निळा कोट घालून, पितळेची बटणं गळ्यापर्यंत लावून, बाहेर येऊन उभी राही, आणि इंजिनचालक तिच्यासाठी शिटी वाजवी. एका पहाटे तिचं डावं अंग गेलं. पाय बराचसा परत आला. हात आला नाही. तो खांद्यापासून लोंबत राही, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखा.

तिची जीभ मात्र शाबूत होती. केंद्रातला झगा पाहून ती म्हणाली, "हे काय, बाळाचं झबलं? मी रेल्वेला हात दाखवून थांबवलंय."

तिला घरी जायचं होतं. एवढीच एक गोष्ट. केंद्राचे डॉक्टर म्हणाले होते, एकटीने राहायचं तर उठणं, चालणं, चहा करून घेणं आणि कपडे घालणं, एवढं कुणाच्या मदतीशिवाय जमलं पाहिजे. उठायला ती शिकली. चालायला शिकली. एका हाताने शेगडी पेटवायला शिकली. कपडे जमेनात. सैल झगा कसाबसा अंगात जाई. पण रुळांवरचा वारा हाडांत शिरणारा, तिथे कोटाशिवाय निभाव नव्हता, आणि तिच्या जुन्या कोटाने तिला रोज हरवलं. शहरातला भाचा तिला न्यायला येणार होता. भला पोरगा. तिच्यासाठी त्याने खोली रंगवून ठेवली होती. महिना संपता संपता येतो, म्हणाला होता. तोवर जमलं तर घर, नाही तर शहर.

"त्याच्या खोलीला खिडकी आहे," ती मास्तरांना म्हणाली. "खिडकीतून शेजारच्याची भिंत दिसते. भिंतीतून गाडी येते का कधी?"

मास्तरांनी तिचं माप घेतलं. बऱ्याच वर्षांनी त्यांना कोट शिवायचा होता, आणि तो सुद्धा असा. त्यांनी स्वतः जाऊन जाड निळं कापड निवडलं. जुन्या कोटाची पितळी बटणं उतरवून घासून लखलखीत केली. काखेतला मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, वर घेतला, कारण मुंढा वर असेल तरच कोट अंगासरसा बसतो, हे त्यांच्या गुरूने त्यांना शिकवलं होतं. आतून गुळगुळीत अस्तर. आणि काज. त्या दिवसांत मास्तर बोलेनासे झाले, जेवताना बोटं दोरा ओढल्यासारखी हलत. तसे काज त्यांनी भर उमेदीतही केले नव्हते.

कोट झाला. केंद्रातली चालती माणसं पाहायला जमली. मास्तरांनी फाटकवालीला आरशासमोर उभं केलं, मागून आले, दोन्ही बाह्या चढवल्या, खांद्यांशी झटका दिला, पुढे येऊन बटणं लावली, छातीवरून तळवा फिरवला. आरशात एक ताठ बाई उभी होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फाटकवाली स्वतःकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा, जो कायम वाऱ्याला तोंड देत असल्यासारखा असे, तो मऊ झाला.

ताई म्हणाली, "सुंदर आहे. आता काढून द्या त्यांना. त्या स्वतः घालतील."

कोट काढला. तो घेऊन फाटकवाली पडद्यामागे गेली. बराच वेळ नुसतं कापड घासल्याचं ऐकू येत होतं. मग खुर्ची सरकली. मग काहीच नाही. ताईने पडदा बाजूला केला तेव्हा ती खुर्चीत बसली होती; निर्जीव हात अर्ध्या बाहीत अडकलेला, बाकीचा कोट मागे जमिनीला लोंबलेला, आणि धडधाकट हात दुसऱ्या बाहीचं तोंड शोधून शोधून दमलेला. मान घामाने भिजली होती.

तिने मास्तरांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"कोट फार छान आहे, मास्तर," ती म्हणाली. "मी मेले की घाला मला. तेव्हा घालायला चार माणसं असतील."

मास्तरांचा कोट आजवर कुणी परत केला नव्हता. कोट काखेत मारून ते उतार उतरले, घरी आले, जेवले नाहीत. काकूने विचारलं, तेव्हा त्यांनी जे झालं ते सांगितलं, आणि वर म्हणाले की कोटात खोट नाही, कुठेही दाखव, बोट ठेवायला जागा नाही. बाईचा हातच असा आहे, त्याला मी काय करू? काकू ऐकत राहिली. मग मास्तरांच्याच मनात काय आलं कोण जाणे, ते म्हणाले, "माझा डावा हात बांध बघू."

तिने टेपने हात बांधला. मास्तरांनी खुंटीवरचा आपला कोट काढला, स्वतः शिवलेला, आणि घालायला लागले. एका बाहीत हात गेला. बाकी कोट पाठीमागे पळाला. ते वळले, तसा कोटही वळला. शेपटीमागे फिरणाऱ्या कुत्र्यासारखे मास्तर खोलीभर फिरले, टेबलावरचं तांब्याभांडं पाडलं आणि शेवटी कोट डोक्यावर घेऊन थांबले. काकू हसत हसत पलंगावर बसली, हसता हसता तिला ठसका लागला. ठसका थांबला आणि तिचं हसूही थांबलं.

"माझं मनगट मोडलं होतं तेव्हा," ती म्हणाली, "तुम्ही मला रोज कपडे घालत होतात."

"मग? नीटच घालत होतो."

"नीटच. इतके नीट की मला दुकानातला तो पुतळा झाल्यासारखं वाटायचं. एकदा तरी विचारलंत का, की तुला स्वतःला घालून बघायचंय?"

मास्तरांनी डोक्यावरचा कोट खाली ओढला. खाली सांडलेलं पाणी फरशीवर हळूहळू पसरत होतं. एवढे कोट शिवले. एवढी माणसं आरशासमोर उभी केली. प्रत्येकाच्या अंगावर कोट त्यांनी चढवला, प्रत्येकाचं बटण त्यांनी लावलं. कोट अंगावर कसा बसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण माणूस आपला आपण कोटात शिरतो कसा, हे त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांच्या रीतीने पाहू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ताईकडे गेले आणि म्हणाले, मला आधी शिकवा. ताईने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा हात बांधला आणि केंद्रातल्या रुग्णाला शिकवते तसं शिकवलं. "दुबळा हात आधी आत, आणि काढताना सगळ्यात शेवटी," ती म्हणाली. "उलटं केलंत की फसलात." मास्तर रोज फसले. घरी पलंगाच्या कडेला, केंद्रात खुर्चीत. फाटकवाली दारातून बघायची आणि गाडीला हात दाखवावा तसा हात दाखवून म्हणायची, थांबा मास्तर, सिग्नल नाही तुम्हाला. पण बघता बघता तीही आत येऊन बसू लागली, आणि दोन म्हातारी माणसं समोरासमोर एकेका हाताने कोटाशी झुंजू लागली. कोट कुठे अडतो ते ती सांगे, मास्तर तिथे खडूने खूण करत.

मग त्यांनी फाटकवालीसाठी शिवलेला, आपल्याच हातचा कोट उसवला. शिंप्याला दुसऱ्याची शिलाई उसवायला काही वाटत नाही. स्वतःची उसवताना प्रत्येक टाका नखाखाली लागतो. गुरूने वर घ्यायला शिकवलेला मुंढा त्यांनी खाली पाडला. धडधाकट हाताची बाही तोंडाशी ऐसपैस केली. दुबळ्या हाताच्या बाहीच्या तोंडाला आतून लाल कापडाचा गोट शिवला, म्हणजे मांडीवर पसरलेल्या कोटात ती पहिल्या नजरेत सापडावी. कॉलरच्या आत बोट अडकवायला कापडी फास दिला; त्याला धरून कोट पाठीमागून फिरवून घ्यायचा. तळाच्या दुमडीत वजनाची बारीक साखळी घातली, म्हणजे फिरवलेला कोट भरकटत जाऊ नये, सरळ पडावा.

राहिले काज. एका हाताने त्या ताठ, घट्ट काजांतून पितळी बटण जाणं शक्यच नव्हतं. मास्तर ते काज खिडकीशी धरून बराच वेळ पाहत बसले. काकू डबा घेऊन आली होती, तिने पाहिलं आणि डबा ठेवून न बोलता बाहेर गेली. मग मास्तरांनी सुईत दोरा ओवला आणि आपल्या हातचे, जन्मातले सगळ्यात देखणे काज आपल्या हाताने शिवून बंद केले. त्यांच्यावर पितळी बटणं दिसायला म्हणून घट्ट बसवली आणि आतून, पर्सला असतात तशी, चुंबकाची बटणं लावली. कड कडेजवळ आणली की ती आपली आपण चिकटत.

भाचा आला त्या सकाळी आकाश भरून होतं आणि वारा सुटला होता. त्याने गाडी दारात लावली, मावशीची पिशवी उचलून गाडीत ठेवली. ती एकटीने कोट घालते का ते बघायला डॉक्टर आले, ताई आली. फाटकवालीने कोट घेतला आणि पडदा ओढून घेतला. मास्तर पडद्याबाहेर उभे राहिले.

आत खुर्ची करकरली. कापड पसरल्याचा आवाज आला. मग खसखस, मग थांबणं, मग पुन्हा खसखस. काहीतरी पडलं. भाचा पुढे झाला, म्हणाला, "मावशी, मी येऊ का?" त्याला राहवेना. जवळ उभी असलेली नर्सही हात पुढे करून सरसावली. मास्तरांनी आपला हात आडवा धरला, फाटकासारखा, पडद्यावर.

"आतल्या माणसाला वेळ लागतो," ते म्हणाले. "लागू दे."

वारा खिडकीची झडप हलवत राहिला. आत साखळीचा बारीक आवाज आला, कापडाला वळसा बसल्याचा. ताईने डोळे मिटले. मग टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. मग आणखी एक.

पडदा सरकला. फाटकवाली उभी होती. निळा कोट अंगावर होता, दोन्ही हात दोन्ही बाह्यांत होते, आणि कडा एकमेकींना एक बटण चुकून चिकटल्या होत्या. एक बाजू वर, एक खाली, गळ्याशी थोडी फट. भाच्याने हसून हात पुढे केला, सरळ करायला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

मास्तरांचाही हात वर गेला होता. आयुष्यभर तो असाच जात आला होता. छातीपाशी, वाकड्या बटणापाशी. तो हवेत जरा थांबला. मग त्यांनी तो आपल्या खिशात घातला.

डॉक्टर भाच्याशी काहीतरी बोलले. भाच्याने मावशीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग मान हलवली. त्याचा चेहरा पडला होता, आणि त्याबद्दल कुणी त्याला नावं ठेवू नयेत; खोली त्याने खरोखरच रंगवली होती. गाडीत बसताना ती त्याला म्हणाली, की शहराचा रस्ता तसाही माझ्या फाटकावरूनच जातो, तिथे मला उतरव, चहा करते. एका हाताचा चहा पिऊन बघ.

मास्तर मागच्या खोलीत गेले आणि मशीनपुढे बसले. एका पोरीची विजार अर्धी राहिली होती. दुपारी मालगाडी फाटकावरून गेली. टेकडीवर तिची शिटी नेहमी ऐकू येते. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ वाजली. दांडे धरून चालणारी माणसं जागच्या जागी थांबली. मास्तरांचं मशीनही थांबलं, आणि शिटी विरली तसं पुन्हा चालू झालं.

संध्याकाळी घरी आल्यावर काकूने विचारलं, कोट कसा बसला.

"एक बटण चुकलं होतं," मास्तर म्हणाले.

"मग सरळ केलंत?"

"नाही."

काकूने त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग ती उठली, दुधाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "त्या मेलेल्या पडद्यांतला एक जरा उतरवून द्या. लांब करायचा झाला तर बघू मी. माझं मनगट बरं आहे आता."

मास्तरांनी पडदा उतरवून दिला, आणि ती सुईत दोरा ओवत होती तेव्हा मधे बोलले नाहीत.